कुणाला दिसलं

शनिवारी चारला, विश्रामबागेत,
सन्मतीच्या काकांच्या बंद पडलेल्या टायपिंग क्लासात
आम्ही चौघं जमतो.
भिंतीवर अजून तक्ता आहे,
कुठलं बोट कुठल्या अक्षरावर.
तेवढंच कळून भागलं असतं तर.

नियम दऱ्याप्पाचे. जतचा गडी,
शब्दही टँकरच्या पाण्यासारखे मोजून वापरतो.
चाळीस मिनिटं नुसतं लिहायचं.
मग प्रत्येकी एक पान वाचायचं.
ऐकणाऱ्यानं "छान" म्हणायचं नाही,
म्हटलं की भडंग त्याच्याकडून.
पहिला महिनाभर भडंग मीच आणलं.

तस्लीम मिरजेहून वडापनं येते,
तिच्या प्रबंधात सतारीचे भोपळे:
कोण पिकवतं, कोण वाळवतं, भाव कोण ठरवतं.
माझ्यात मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बायका,
प्रकरण तिसरं, पानं बासष्ट,
मार्चपासून सरांच्या टेबलावर.

त्या शनिवारी मी वाचलं,
"सदर महिलांमध्ये श्वसनविकारांचे प्रमाण
लक्षणीय असल्याचे दिसून येते."

तस्लीमची पेन्सिल थांबली.
"कुणाला?"
"काय कुणाला?"
"दिसून येतं म्हणतीस. कुणाला दिसलं?"

मी म्हटलं, अशीच पद्धत असते.
ती म्हणाली, असेल.

मग का कोण जाणे, मी सांगायला लागले.
संध्याकाळी गल्लीत आधी खोकला यायचा,
मागून आई.
तिच्या पदरात तोंड खुपसलं की शिंका.
बाराही महिने नखं पिवळी,
कुणी विचारायचं, कुणाचं लगीन गं?
आणि ती हसायची, खोकत.
हे माझ्या एकाही तक्त्यात नाही.

दऱ्याप्पा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, हरिपूरला हळदीचं पेव उघडलं
की लगेच उतरत नाहीत आत.
तोंड मोकळं ठेवतात, कोंडलेली हवा जाऊ देतात.
आणि वर माणसं उभी असतात.
एवढंच. पुन्हा वहीत मान घातली त्यानं.

मग खुर्च्या फिरवल्या.
सोमवारी तस्लीमची मुलाखत,
एकच कायम जागा, बाकी सगळं तासिका तत्त्वावर.
आम्ही तिघं टेबलापलीकडे, चेहरे आंबट करून:
भोपळ्यांचा समाजाला उपयोग काय, मॅडम?
चारदा अडखळली. पाचव्यांदा नाही.
त्याच जागेसाठी मंगळवारी माझी मुलाखत.
तिला ठाऊक आहे.
उठताना म्हणाली, बस आता इथं,
आणि सगळ्यात वाकडा प्रश्न तिनंच विचारला.

रात्री ते वाक्य खोडलं.
लिहिलं, "मी पाहिलं आहे."
सर हे ठेवणार नाहीत.
आतल्या खोलीत आई खोकली, कूस बदलली.

दोन फायली केल्यात सध्या,
एक सरांसाठी,
एक शनिवारची.