मागची वही

तळोद्याच्या अलीकडे, केळीच्या बागा संपतात तिथे
आमच्या वसतिगृहाचं पत्र्याचं फाटक.
मी इथला लिपिक. आधी इथलाच विद्यार्थी, पट क्रमांक एकोणीस.
जन्मतारीख एक जून.

इथे सगळ्यांचीच एक जून.
मागच्या लिपिकाने सोय म्हणून लावून दिली,
त्याच्या मागच्यानेही.
एक जूनला शाळेला कुलूप असतं.
व्हरांड्यात कुत्रं झोपलेलं, घंटेच्या दोरीला मुंग्या,
आणि बेचाळीस मुलांचा वाढदिवस
आपापल्या पाड्यावर, कुणालाही न कळता निघून जातो.

दिवाळी सरली तसा ठोग्या पाडवी आला.
बाहेर मुकादमाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय,
ट्रॉलीत बायको, पातेली, कोंबडी, धाकटं पोर.
बारडोलीकडे ऊस उभा आहे.
पोरगी त्याच्या धोतराला धरून.

नाव?
शुक्री.
म्हणजे शुक्रवारी झाली?
हो.
कोणत्या वर्षी?
वरच्या पाड्याला हापसा बसला त्या वर्षी.
महिना?
मोहाची फुलं पडत होती. हिची माय वेचत होती.
टोपली अर्धी भरली तेव्हा.

एवढं सगळं पाठ आहे माणसाला
आणि माझ्या रकान्यात यातलं काहीच मावत नाही.

मी सवयीने एक लिहिला.
पुढे जून लिहिणार,
तर प्रिस्काबाई म्हणाल्या, टोपण लाव पेनाला.

प्रिस्काबाई गावित. नवापूरच्या.
गुडघे गेलेत, पण पहाटेच्या प्रार्थनेला
कांबळं टाकून खालीच बसतात.
एकदा उवा काढता काढता मला म्हणाल्या होत्या,
वरचा चिमण्यांचाही हिशेब ठेवतो, घाबरू नको.
मी तेव्हा लहान होतो, मला पटलं होतं.
आता मला माहीत आहे,
फॉर्म त्याच्याकडे जात नाही. पंचायत समितीत जातो.

चर्चचं नवं कॅलेंडर आलेलं, अजून सुरळीतच.
बाईंनी ते टेबलावर उलगडलं,
एका टोकाला स्टेपलर, एका टोकाला माझा डबा,
आणि मार्चवर शुक्रीला उभं केलं.
घे. यातला एक तुझा.

शुक्रवारांवरून पोरीचं बोट सरळ पुढे गेलं
आणि एका लाल आकड्यावर थांबलं.
अगं, तो रविवार.
तिने बोट उचललं नाही.

सरकारी पटावर एक जूनच गेली.
तारीख बदलायची तर दाखला लागतो, दाखल्याला तारीख लागते.
पण बाईंनी दोनशे पानी वही काढली,
मागच्या पानापासून सुरुवात केली
आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं:
शुक्री ठोग्या पाडवी, मार्चचा दुसरा रविवार, लाल.

त्या रविवारी कळण्याच्या भाकरीबरोबर लापशी होती.
उपासनेत बाईंनी नाव घेतलं.
शुक्रीला वाटलं, काही चुकलं आपलं.
मान खाली घालून उभी राहिली,
मग रडली,
मग दोनदा लापशी मागितली.
मोह त्या वर्षीही पडत होता.
माय उसात.

होळीला पाड्यांवरची माणसं परततात.
पाद्रीसाहेबांना होळी फारशी रुचत नाही,
तरी तीन दिवस फाटक उघडं ठेवतात.
ठोग्या आला. बोटांना चिंध्या, दंडावर पात्यांचे ओरखडे,
पोरीसाठी उसाचं एक कांडं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

शुक्रीने त्याला ओढत कचेरीत आणलं,
कॅलेंडरचं पान मागे उलटलं, दाखवलं.
मी इथे झाले.
तो हसला. शुक्रवारी झालीस तू, मी होतो ना तिथे.
तिथे मी शुक्रवारी. इथे ही.

ठोग्या बराच वेळ त्या चौकटींकडे बघत राहिला.
महिने पुढे उलटले, मागे आणले.
ट्रॉलीत टाकलेले, मुकादमाने मोजलेले, उचलीत वळते झालेले
सगळे दिवस तिथे बिनबोभाट टांगलेले होते.
मग माझ्याकडे न बघताच म्हणाला,
मोठ्या माणसाला देतात का?

मी मागची वही ओढली.
बाईंच्या अक्षरातली पानं उलटताना
कुठेतरी क्रमांक एकोणीस दिसेल असं उगाच वाटून गेलं.
नव्हता. मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला नव्हतं विचारलं.
टोपण काढलं.

त्याचं चिंधी बांधलेलं बोट अजून कागदावर फिरत होतं.
मी म्हटलं, सावकाश बघ.
मुकादम काही आता दिवाळीपर्यंत येत नाही.