कर्मणी प्रयोग

लेखापरीक्षणाचा कागद मंगळवारी आला,
डबे उघडायच्या जरा आधी.
परिच्छेद सतरा:
घरपट्टीची जमा दोनशे छप्पन्न कोटी धरण्यात आली,
प्रत्यक्षात एकशे एकाहत्तर.
जबाबदारी निश्चित करून कळवावे.

बेंडकुळे साहेबांनी चष्मा पुसला.
म्हणाले, कोठुळे मॅडम, उत्तराचा मसुदा करा.
आपलं नेहमीचं.

नेहमीचं मला पाठ आहे.
सदर अंदाज धरण्यात आला होता.
वसुली अपेक्षित होती.
अपेक्षित प्रतिसाद मिळू शकला नाही.
बावीस वर्षं मी अशी वाक्यं लिहिते
ज्यांत कर्ता शोधायला गेलं
तर खुर्ची सापडते, पाठीला टर्किश टॉवेल,
आणि साहेब साइटवर गेलेले असतात.

पेठ रोडच्या शाळेत रकिबे बाई फळ्यावर लिहायच्या:
गणू पेरू खातो.
मग पुसून लिहायच्या: पेरू खाण्यात आला.
आणि खडू आमच्याकडे रोखून विचारायच्या,
आता गणू कुठे गेला गं?

गणू इथेच आहे, बाई. तिसऱ्या मजल्यावर.

खरं तर माझा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर होता,
हिरव्या फाइलच्या शेवटच्या पानामागे, पेन्सिलीने.
तीन वर्षांच्या वसुलीची सरासरी,
सातपूरचे बंद गाळे वजा,
कोर्टात अडकलेली थकबाकी वजा.
मग कामांची यादी आली.
आधी पूल लिहिला गेला, मग पुलाला पुरेल एवढी जमा.
करविभागाने वीस घातले,
पाहुणे वाढले की आमटीत घालतात तसे.
समितीने तीस.
आणि रात्री साडेअकराला सभागृहात कुणीतरी उठून म्हणालं,
अजून अठ्ठावीस सहज येतील, नाशिक वाढतंय.
बाकं वाजली.
दुसऱ्या दिवशी मी माझा आकडा रबराने पुसला.
पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

गोदाघाटावर बरं असतं.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला,
पुराचं माप अख्खं गाव पुलावर उभं राहून वाचतं.
मारुतीकडे कुणी सुधारित अंदाज मागत नाही.
गंगापूर धरणात किती आहे
ते पेपरात येतं, टक्क्यांत, आहे तेवढंच.
आमच्या इमारतीत
धरणातचं धरण्यात होतं, एका अर्ध्या अक्षराने,
आणि तळ उघडा पडतो.

रफिक कोकणी घंटागाडी चालवतो, ठेक्यावर.
तीन महिने पगार नाही.
खिडकीशी येऊन हळू विचारतो,
मॅडम, पैसे गेले कुठे?
गेले नाहीत रफिकभाई. आलेच नव्हते.
तो जरा वेळ खिडकीच्या गजाकडे बघतो.
म्हणजे जे नव्हतेच, त्यांच्यावर मी गाडी चालवली?
डिझेल तर खरं होतं.

त्या दुपारी मी मसुदा लिहिला.
अंदाज मी मांडला.
तो कोणी, कोणत्या बैठकीत, किती वाढवला
ते खाली तारखांसह दिलं आहे.
माझा मूळ आकडा मी स्वतः पुसला.
हिशोब चुकला नव्हता. आम्ही चुकलो.

साहेबांनी उभ्यानेच वाचलं.
पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
म्हणाले, मॅडम, व्याकरण चुकलंय.
शासकीय पत्रात मी नसतो.

फाइलचं ते पान मी खिडकीच्या उजेडात धरलं.
पेन्सिल जोरात दाबायची माझी सवय,
एक, सात, आठ
अजून वाचता येतात, खड्ड्यांसारखे, रंग नसलेले.

मसुदा त्यांनी टेबलावर सरकवला.
मी दुसरा कागद घेतला नाही.
जावक खिडकी साडेपाचला बंद होते.
भिंतीवर पाच वाजून दहा मिनिटं झाली होती,
आणि ते घड्याळ
चार मिनिटं पुढे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.