वस्त्रगाळ

दुकानातल्या पाटीवर भोकाचं माप मिलिमीटरमध्ये होतं.
मला कळेना. मग मी घरच्या चाळण्या आठवल्या:
गव्हाची, रव्याची, मैद्याची.
फुलपाखराला गव्हाची पुरे,
गाजरमाशीला रव्याची लागते,
आणि मुळ्याच्या पानाला टाचणीनं टोचल्यासारखं
चाळून टाकणारा तो उड्या मारणारा काळा भुंगेरा,
त्याला मैद्याचीच.
मैद्याची घेतली. बारा मीटर. किंमत घरी सांगितली नाही.

हडर्सफील्डच्या चढावर आमचे वाफे.
वारा इथला जुना भाडेकरू, भाडं न देणारा.
निळ्या पाइपांच्या कमानी रोवल्या,
जाळी ओढली, कडेवर विटा,
दोन दगड, एक बंद पडलेली इस्त्री.

आत जाईल ते आता वस्त्रगाळ:
ऊन वस्त्रगाळ, पाऊस वस्त्रगाळ
(तसा इथला पाऊस वरूनच चाळून येतो).
पांढरी फुलपाखरं यायची,
सराफाच्या काचेबाहेर उभं राहावं तशी
जाळीवर बसून कोबीकडे बघायची.
मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

जुलैत गाजराचा पाला तांबूस पडला.
एक उपटलं. बोटाएवढं.
अंगभर गंजाच्या रेघा,
कुणी आतून पत्ता लिहून खोडल्यासारख्या.

शेजारचा वाफा डोरीन साइक्सचा. वय चौऱ्याऐंशी.
गिरणीत बत्तीस वर्षं तिनं कापडातली चूक शोधली:
गाठ, तुटका धागा, चुकलेली वीण,
आणि चूक नव्हतीच अशी रफू केली.
आता एका डोळ्यात मोतीबिंदू,
दुसऱ्यावर तिचा भरवसा नाही.

"भोक असणार," मी म्हटलं.
तिनं हातमोजे काढून माझ्याकडे दिले
आणि एका टोकापासून निघाली,
तळवा सपाट, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.
बारा मीटर. वीस मिनिटं.
मध्येच थांबली. मी श्वास धरला.
"हे भोक नाही. हा विणणाऱ्याचा आळस."
पुढे गेली.

"जाळी धड आहे, पोरी."
(मी एकोणसाठची. पोरी म्हणणारं
आता हे एवढंच माणूस उरलंय.)
"गेल्या साली इथं काय होतं?"
गाजर.
"याच वाफ्यात?"
मी इस्त्रीकडे बघत राहिले.

तिनं खुरप्यानं माती उकरली,
तळहातावर घेऊन फुंकर मारली:
जिऱ्याएवढे दोन कोष, तपकिरी. एक रिकामा.

म्हणजे सगळा हिवाळा ते खालीच होते.
बर्फ पडला तेव्हा होते,
मी चाळण्या आठवत होते तेव्हा होते.
एप्रिलात मी त्यांच्यावर छत घातलं,
वारा अडवला, पाखरं अडवली.
चोराच्या हाती किल्ल्या दिल्या असंही नाही,
चोराला आत ठेवून बाहेरून कडी घातली
आणि रोज संध्याकाळी
विटा नीट आहेत ना, बघून गेले.

डोरीन हसली नाही.
"अख्खा तागा पास करायचो आम्ही," म्हणाली,
"आणि धुतल्यावर डाग वर यायचा.
आमचा नाही, यंत्राचा नाही.
मेंढीपासूनचा असायचा."

जाळी काढली. पाच मिनिटांत
एक रॉबिन येऊन मातीत चोच मारू लागला,
जणू एप्रिलपासून रांगेत होता.
आम्ही दोघी दोन टोकं धरून
जवळ येत, लांब जात घडी घातली.
तिच्या कडा जुळल्या. माझ्या नाहीत.

गाजरं तासली. गंज काढल्यावर
निम्मी उरली. किसली,
लिंबू पिळलं, वर फोडणी,
डबा घेऊन तिच्या शेडपाशी गेले.
तिनं झाकण उघडलं,
किसातला काळा ठिपका बोटाखाली दाबला,
मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मोहरी," मी म्हटलं.

तिनं आणखी एक दाबून बघितला.
मग खाल्ला.