एक्कावन्नावं चित्र

सेंट जॉन्सच्या वॉटर स्ट्रीटवर
मिस्टर क्रोकर भिंग लावून मोजतायत
माझ्या आजोबांची पलटण:
पन्नास शिपाई, बोटाएवढे,
सिगरेटच्या पाकिटांतून एकेक करून निघालेले.

स्कॉटलंडचा घागरेवाला. बंगालचा भालाईत.
ऑस्ट्रेलियाचा, एका बाजूने दुमडलेल्या टोपीचा.
कॅनडाचा, घोड्यासकट.
सगळ्यांच्या गालांवर तोच एक गुलाबी रंग,
जणू एकाच आईने थंडीत उभं केलंय.
पाठीवर चार ओळी: कुठली लढाई, केवढा पराक्रम.
मेलं कोण, ते नाही.

ओबेद तेव्हा नऊ वर्षांचा.
थोरला हेडली पाकीट फोडायचा,
चित्र धाकट्याला, धूर स्वतःला,
अशी वाटणी.
धक्क्यावर, कॉड वाळत घातलेल्या फळ्यांमागे,
दोन घागरेवाल्यांना एक भालाईत
हा भाव ठरलेला. कोपरा दुमडला असेल तर तीन.

पन्नास पुरे झाले त्या रात्री
त्याने सगळे जमिनीवर मांडले,
पुन्हा पुन्हा मोजले,
आणि विचारलं, आपला कुठाय?

हेडली हसला. आपण लहान रे,
छापणाऱ्याच्या नजरेतून सुटलो असू.
शरदात तो बोटीवर चढला.
खाकी कापड पुरलं नाही म्हणून
पोटऱ्यांना निळ्या पट्ट्या गुंडाळून गेले
आपले पाचशे.

मग एका जुलैत, फ्रान्समध्ये, एक सकाळ.
तारा येत राहिल्या. त्यांच्या घरी आली ती बुधवारी.

ओबेदने एका जादा घागरेवाल्यावर
कोरा कागद चिकटवला, शिपाई काढला.
पट्ट्यांना आईच्या धुण्यातली नीळ.
गाल रंगवायचे राहिले, की रंगवले नाहीत.
मागे लिहिलं: क्रमांक ५१. न्यूफाउंडलंड.
खाली चार रेघा आखल्या
आणि तशाच सोडल्या.

एकोणपन्नास साली देशच कॅनडात विरघळला.
आजोबांनी दाराला काळं फडकं बांधलं.
मत कुणाला दिलं, कधी बोलले नाहीत.
कॅनडाची पेन्शन मात्र
दर महिन्याला दोनदा मोजून घ्यायचे.

मिस्टर क्रोकर भिंग खाली ठेवतात.
पन्नासांची किंमत सांगतात, बरी आहे.
हे एक यादीत नाही, म्हणतात,
हे तुमचं तुमच्याकडेच राहू द्या.

बाहेर धुकं, नेहमीचंच, ओलं.
मी ते मुठीत धरून चढ चढते.
घरी पोचून दिवा लावते तर
अंगठा निळा.