बेजोड

दुसरा अंपायर आलाच नाही.
खिंडीत मेंढ्या आडव्या आल्या, असा निरोप आला,
तेव्हा इनॉक प्रॉसर एकटाच
षटकागणिक या टोकाहून त्या टोकाला चालत राहिला,
पांढरा कोट, गुडघ्यात जुनी कळ,
उजव्या खिशात नदीतले सहा खडे.
प्रत्येक चेंडूला एक खडा डाव्या खिशात.
वेल्सच्या हद्दीलगतचं गाव. मैदानाला उतार इतका
की सीमारेषेवरचा पोरगा
फलंदाजाला कमरेपासून वरच दिसतो.

धावफलकापाशी मिस बेडोज.
चाळीस वर्षं शाळेत शब्द शिकवले,
आता पेन्सिलीला टोक करतात, धावा मांडतात,
आणि विचारलं नाही तरी सांगतात:
"हा मुळात 'नंपायर' होता बरं का.
फ्रेंचांकडून आला. 'नॉन' म्हणजे नसलेला, 'पेर' म्हणजे जोडीचा.
दोघं भांडतात, तेव्हा दोघांतल्या कुणाचाच नसलेला,
वरचा, उरलेला, विषम."

मग त्यातला 'न' कुठे गेला?
"लोकांनी खाल्ला," म्हणाल्या,
काकडीचं सँडविच खाता खाता.
'अ नंपायर', 'अ नंपायर' म्हणता म्हणता
शेजारच्या एवढ्याशा 'अ'ने
रात्रीतून बांध कोरावा
तसा तो 'न' आपल्या शेतात ओढला.
ॲप्रनचाही असाच गेला.
ॲडर सापाचाही. तोही पूर्वी नॅडर होता,
चावायचा तसाच,
एका अक्षराने जड.

मी मनाशी माझा शब्द उलटून पाहिला.
आमच्याकडे पाच लागत. पंच.
पाच डोकी, पाच तंबाखूच्या चंच्या,
आणि चुकलं तर दोष पाचांत वाटून घ्यायची सोय.
पंचाईत हा शब्दही त्यांच्याच घरचा.
इथे मात्र एकच माणूस,
आणि त्याची पंचाईत
बॅट घेऊन उतार चढून येत होती.

सायलस प्रॉसर. शेवटचा गडी.
इनॉकहून अकरा मिनिटांनी लहान.
एकाच पाळण्यात उलटसुलट झोपलेले,
आईसुद्धा कानामागचा तीळ बघून हाक मारायची.
सदुसष्ट वर्षांचे झाले, तरी खाटीक अजून
एकाची उधारी दुसऱ्याकडे मागतो.
आज ओळखायला सोपे: एकाला कोट आहे.

चार धावा हव्या होत्या.
चेंडू गेला, आणि काहीतरी वाजलं:
नखाने कपाला टिचकी मारावी, इतकंच.
यष्टिरक्षक ओरडला, पण अर्धवट,
त्यालाही खात्री नव्हती.
कुरणातली गाय रवंथ करायची थांबली नाही.
सायलसने वर पाहिलं नाही.
बॅटच्या कडेकडे तर मुळीच नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ.
इनॉकचा हात डाव्या खिशात होता. खडे मोजत होता.
पाचच लागले.
अस्तर उसवलेलं; एक कुठेतरी गवतात गेला होता.
त्याने हात बाहेर काढला
आणि एक बोट वर केलं,
फार वर नाही, खांद्याइतकं,
जसं शाळेत उत्तर येत असलेलं पण सांगायची इच्छा नसलेलं पोर करतं.

मिस बेडोजनी वहीत रेघ मारली.
चहा झाला. पाहुण्यांनी उरलेला केक बांधून घेतला.
एका बाकावर दोघं
मध्ये किटली ठेवून बसले. कुणी काही बोललं नाही.

सावल्या लांबल्यावर मी पाहिलं,
खेळपट्टीच्या कडेला सायलस वाकून गवत चाचपतोय.
बराच वेळ. एक हात कमरेवर.
मग उठला, भावाजवळ आला,
त्याच्या कोटाच्या डाव्या खिशात काहीतरी टाकलं
आणि म्हणाला, "पातळच कड होती."
"ऐकू आली," इनॉक म्हणाला.

दोघं फाटकाकडे निघाले.
कोट आता खांद्यावर होता.
मागून कोण कोणता, सांगता येईना.
खिशाचं अस्तर अजून उसवलेलंच होतं.
फाटकापाशी खडा पुन्हा पडला.