अर्जातला सातवा रकाना

दोन अर्ज टेबलावर.
एकावर मटारच्या शेंगांचं ताट, पंख्यानं उडू नये म्हणून,
दुसऱ्यावर चष्म्याचं घर.

पहिली संस्था दिल्लीची.
गुळगुळीत कागद, कोपऱ्यात निळं चाक, वर्षाला बाराशे.
अपघात विमा, वकिलाचा सल्ला,
जर्सीवर पंधरा टक्के सूट.
आणि एक प्रश्न: आपला सरासरी वेग?

कन्नमवार नगर ते भांडुपचं पंपिंग,
पहाटे साडेपाचला निघते,
कांजूरचा सिग्नल मेहेरबान असेल तर बावीस मिनिटं,
नसेल तर तीस.
सरासरी कशाची काढायची,
माझ्या पायांची की सिग्नलच्या स्वभावाची?

दुसरी नागपूरची.
झेरॉक्सची झेरॉक्स,
'सभासद'मधला द पेनानं नंतर घातलेला,
वर्षाला दीडशे.
बदल्यात काय मिळेल
ते कुठेच लिहिलेलं नाही.

परकारचाचाला दाखवले दोन्ही.
तो रिम फिरवत होता,
एकेका स्पोकला नखानं टिचकी मारून
कान लावून ऐकत होता.
"मेंबर झालीस की चाकाचा आऊट जातो काय?"
मग बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, "फोन कर दोघांना. विचार,
रात्री पुलाखाली पडलीस
तर येतं कोण?"

दिल्लीची मुलगी फार गोड बोलली.
सात दिवसांत दावा, मूळ बिलं, पोलिसांच्या कागदाची प्रत.
आणि मॅडम, तुम्ही कामावर जाता की राईड करता?
कामावर जाणं राईडमध्ये मोडत नाही.
मी बरं म्हटलं.
अकरा वर्षं, तीन टायरचे जोड,
एकदा मनगट,
एकदा बसवाल्याशी भांडून त्याच्याच टपरीवर चहा,
हे सगळं कशात मोडतं
ते विचारायचं राहिलं.

नागपूरला कोणी उचललंच नाही.
रात्री पावणेदहाला उलटा फोन आला,
मागे कुकरची शिट्टी.
"मी गुणवंत डोरले बोलतो, सेक्रेटरी.
खजिनदारही मीच हावो."
मी चाचाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.
शिट्टी थांबेपर्यंत ते गप्प.
"खरं सांगू का बाई,
मुंबईत आपलं कोणीच नाही.
एक होते मुलुंडले, ते दोन वर्षांआधी वारले.
पण तुम्ही फॉर्म भरला ना,
तर पुढच्याले सांगाले माह्याजवळ
एक नंबर राहीन."

ठेवला फोन.
हसू आलं आधी.
दीडशे रुपये देऊन मी विकत काय घेणार,
तर मलाच.

तरी पेन काढलं.
नाव, पत्ता, रक्तगट.
सायकलचा प्रकार: काळी.
सातवा रकाना: आणीबाणीत कोणाला कळवावे.
भाऊ शारजाला.
ज्याचं नाव इतकी वर्षं सवयीनं लिहीत आले
तो आता दुसऱ्या कोणाच्या रकान्यात असेल.
शेजारच्या नाखवे वहिनींना कमी ऐकू येतं.
पेन तिथंच टेकलेलं राहिलं,
शाईचा एक ठिपका फुगत गेला.

मग लिहिलं: हमीद परकार, सायकल मार्ट,
बस डेपोसमोर.
कंसात: शुक्रवारी दुपारी बंद.

सकाळी सांगितलं त्याला.
पंक्चरच्या पाण्यातून मान वर न काढता म्हणाला,
"मग नंबर नवा लिही,
जुना दुकानाचा होता, तो कापला."

दिल्लीच्या अर्जात शेंगांची सालं गुंडाळली.
कागद खरंच चांगला होता,
फाटला नाही.

दाराजवळच्या पिशवीत आता
बॅटरी, पॅच, सोल्युशन,
पट्टीचा रोल, आयोडिन.
आणि रात्री
फोनचा आवाज बंद करत नाही मी.

अजून कोणी पडलेलं नाही.