काकपद

एप्रिलचा शेवटचा शुक्रवार. बंदरात अजून
बर्फाचे तुकडे एकमेकांना ढोसत उभे,
आणि वर, टेकडीवरच्या विद्यापीठात
ऑनर्स प्रोग्रॅमचं वार्षिक जेवण :
कोंबडी, रानतांदूळ, कोमट कॉफी,
दर टेबलावर डॅफोडिलची तीन फुलं,
मोजून.

"उल्लेखनीय योगदानाबद्दल" म्हणताना
डीनसाहेबांनी तीनदा चष्मा पुसला.
आधी ते प्राध्यापक, ज्यांनी अनुदान आणलं.
मग ते गृहस्थ, ज्यांचा चेक अनुदानाहून मोठा
आणि भाषण चेकहूनही.
मग आर्डिस ब्रेक्के.
पद : कार्यालय सहायक. वर्षं : एकतीस.
तिच्याविषयीच्या कागदावर चारच ओळी,
त्यातल्या दोनांत "अथक" हा शब्द.

मी सात नंबरच्या टेबलावर होतो.
माझा बाप लोहखनिजाच्या बोटींवर तेलपाणी बघायचा;
घरात पुस्तक म्हणजे इंजिनाची माहितीपुस्तिका.
अठराव्या वर्षी तिच्या तळघरातल्या खोलीत गेलो होतो
नाव काढून घ्यायला.
"चुकून आलोय मी यात," म्हणालो.
तिनं यादी काढली, बोट फिरवलं.
"नाही," म्हणाली, "स्पेलिंग बरोबर आहे तुझं."
आणि आल्याच्या बिस्किटांची बरणी पुढे सरकवली.

सरोवर कधी गोठतं, कधी सुटतं – हा माझा प्रबंध.
बोटींच्या नोंदवह्या, शंभर हिवाळ्यांच्या तारखा.
समिती वाचायची सारांश. आर्डिस वाचायची सगळं,
तळटीपांसकट, हिरव्या पेन्सिलीनं.
मी लिहिलं "हे तर स्पष्टच आहे", तिथे समासात :
कुणाला?
आणि जिथे शब्द गळालेला, तिथे ओळीखाली
एक बारीकसं काकपद,
ताज्या बर्फावरून कावळा चालत गेल्यासारखं,
पानोपानी.

पा हौआ वांगचा विषय बेडकांचे कान.
तिची मुलाखत मिनिआपोलिसला, आणि रस्ते बंद व्हायला तासभर.
आर्डिसनं स्वतःची गाडी काढली,
वाटभर एकच प्रश्न वीस तऱ्हांनी विचारला :
बेडकाला नेमकं काय ऐकू येतं?
हे त्या चार ओळींत नव्हतं.
प्रोग्रॅम गुंडाळायचा ठराव आला त्या साली
दोनशे जुन्या विद्यार्थ्यांना तिनं हातानं पत्रं लिहिली.
तेही नव्हतं. मला आलेलं पत्र
मी उत्तर न देता ठेवून दिलं होतं.

टाळ्या. ती व्यासपीठावर गेली, बर्फातले बूट घालूनच.
काचेची पाटी हातात घेतली, वाचली.
वाचणारच ती; दुसऱ्या कुणी नुसती मिरवली असती.
आणि सातव्या टेबलावरून मला दिसलं,
तिचे ओठ एका जागी अडखळले.
आर्डिस ब्रेके.
अर्धा क गळालेला.

फोटोवाला म्हणाला, इकडे बघा.
तिनं अंगठा सरकवला, नेमका तिथे ठेवला,
आणि हसली.

पार्किंगमध्ये सरोवरावरून येणारा, कापत जाणारा वारा.
मी म्हणालो, परत करू, बदलून देतील.
काचेवरची वाफ बाहीनं पुसत ती म्हणाली,
"पहिला खर्डा म्हणून ठीक आहे."
मग गाडीचं दार उघडून, जरा थांबून :
"कोरणाऱ्याला कुणी वाचून दाखवलं नसेल रे."

सोमवारी तळघरात उतरलो. दार उघडं, ती नव्हती.
पाटी फायलींच्या कपाटावर, बॉयलरच्या नळाशेजारी.
काचेला चिकटपट्टीचा तुकडा,
त्यावर हिरवं काकपद,
वर एकुलता एक क.
टेबलावर कुणाचा तरी प्रबंध पडलेला, पान एक्केचाळीस,
समासात अर्धाच लिहिलेला प्रश्न.

मी बरणीतून एक बिस्कीट घेतलं.
मऊ पडलं होतं. खाल्लं.